कॅन्सरच्या रिसर्चला पैसे द्यायचे की पेशंटला? गोंयकारांनो, काय म्हणता?

मांडवीकाठ
पुढच्या रविवारी मिरामारला वॉकेथॉन आहे, गुलाबी टीशर्ट, फी 500 आणि म्हणे जमलेले सगळे पैसे कॅन्सर संशोधनाला. ऑफिसात सगळ्यांनी नावं घातली, मी नाही घातलं तर कालपासून टोमणे ऐकतोय, म्हणून इथे विचारतो.
माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट वर्षाला सात अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करते, त्यात आमचे 500 म्हणजे दर्यात खसखस. आणि औषध निघालं तरी आमच्या हाताला लागतं का? आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून आपली स्वतःची कार-टी थेरपी (पेशंटच्याच रक्तपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) काढली, 2023 ला मंजुरी मिळाली, अभिमान आहेच, अमेरिकेत तीन-चार कोटी लागतात ते इथे 40 लाखांच्या आसपास. पण दीनदयाळ कार्डावर, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्यावर, चार जणांच्या घराला वर्षाला मिळतात 4 लाख. उरलेले कुठून आणायचे, घर विकून? तेच 500 सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बाईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायच्या-यायच्या खर्चाला द्या, तिचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचा पण बुडतो. रिसर्च ज्यांच्याकडे पैसे आहेत ते करतील.

फोंडेकर
बाब, गाडीभाड्याचं पटलं. पण "ज्यांच्याकडे पैसे आहेत ते करतील" इथेच घोळ आहे. कंपनी आपलं औषध जास्त कसं खपेल ते बघणार, कमी डोसात भागतं का हे ती कशाला तपासायला बसेल? निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं, इंजेक्शन आहे, नेहमीचा डोस 240 मिलीग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आपल्याकडे कोणाच्या बापाला परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी तोंडा-घशाचा कॅन्सर पुढे गेलेल्या 151 पेशंटांची ट्रायल केली, अर्ध्यांना नुसत्या नेहमीच्या स्वस्त गोळ्या आणि अर्ध्यांना त्याच गोळ्यांसोबत फक्त 20 मिलीग्रॅम दर तीन आठवड्यांनी. वर्षाने जिवंत असलेले 16 टक्के होते ते 43 टक्क्यांवर गेले. 40 ची बाटली दोघांत पुरते, फक्त दोघांना एकाच दिवशी बोलवायचं. आता सांगा, बाटली विकणारा हा अभ्यास करेल का? तो सरकारच्या नाहीतर देणगीच्याच पैशांवर होणार.

मांडवीकाठ
43 टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक वर्षात गेलेच की. आणि पूर्ण डोसाशी तुलना कुठे केलीय त्यात? कमी डोस पूर्ण डोसाइतकाच चालतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

फोंडेकर
नाही होत, मान्य. पण जे औषध मिळतच नाही त्याच्याशी तुलना करून त्या पेशंटला काय फायदा? त्याच्यापुढे प्रश्न 20 की 240 असा नव्हताच, 20 की शून्य असा होता. आणि पूर्ण डोसाशी तुलना हवीच असेल तर त्यालाही पैसे लागतील ना? फिरून परत तिथेच आलात.

सत्तरीकर
तुम्ही दोघे इंजेक्शनांवर भांडा. गोव्यात गुटख्यावर बंदी 2005 ची, आपण ती मिरवतो. कुठल्याही गाड्यावर उभे राहा आणि बघा, पानमसाल्याची पुडी एक, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही फाडून तळहातावर ओतायच्या आणि मळायच्या, झाला गुटखा, कायद्याच्या नाकावर टिच्चून. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो यात शोधायचं काय राहिलंय? आमच्या वाड्यावरची दहावीची पोरं गालात धरून फिरतात. माझे 500 मी त्या पोरांची तोंडं तपासणाऱ्याला देईन.

म्हापशेकरीण
सत्तरीकर, तंबाखूबद्दल शंभर टक्के बरोबर, पण प्रिव्हेन्शन पण रिसर्चमधूनच येतं ना हो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची एचपीव्ही लस घ्या. 2009 ला भारतात अभ्यास सुरू झाला, मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात म्हणून. 2010 ला दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने सगळ्याच अभ्यासांत ही लस देणं थांबवलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. कोणीही म्हणालं असतं आता फाईल बंद करा. पण त्यांनी त्या मुलींचा पिच्छा सोडला नाही, लग्नं होऊन दुसऱ्या गावी गेल्या तरी शोधून काढून तपासत राहिले आणि दहा वर्षांनी दिसलं की एका डोसाचं संरक्षण जवळपास तेवढंच आहे. 2022 ला डब्ल्यूएचओने एक डोस चालेल म्हणून सांगितलं त्यामागे हा अभ्यास पण आहे. तीनाच्या जागी एक, म्हणजे तेवढ्याच पैशांत तिप्पट मुली! आणि दहा वर्षं घरोघर जाणाऱ्यांचा पगार कोणीतरी दिलाच ना, त्याचा टीशर्ट निघत नाही एवढंच.

जायांची वेणी
मी सासूबाईंना घेऊन मुंबईला परळच्या टाटामध्ये गेलेली आहे म्हणून बोलते. थिवीला कोकणकन्या पकडायची, पर्समध्ये बायोप्सीच्या ब्लॉक-स्लाईडची डबी, ती हरवू नये म्हणून झोप नाही, पहाटे दादरला उतरायचं आणि गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का बघायचं. तिकडे आम्हाला ट्रायलसाठी विचारलं, नवऱ्याने लगेच "आईवर प्रयोग नको" म्हटलं. नर्सने मराठीतला फॉर्म पानन् पान वाचून दाखवला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या सही करते. त्यानंतर फॉलोअपची तारीख चुकली की फोन यायचा, बाकीच्या पेशंटांना कोणी विचारत नव्हतं. म्हणून हे "रिसर्चला की पेशंटला" मला कळतच नाही, आमच्यासाठी ते एकच होतं. हां, गाडीभाडं मात्र आमचं आम्हीच भरलं, तिथे मांडवीकाठ यांचं बरोबर आहे.

सुशेगाद
रविवारी पहाटे उठायचा कंटाळा आहे हे सरळ सांगा की हो 😄

मांडवीकाठ
तो आहेच 😄 पण फोंडेकर आणि म्हापशेकरीण ज्या अभ्यासांबद्दल बोलतात त्याला मी 500 काय 5000 देईन. वॉकेथॉनवाल्यांच्या पत्रकावर तसलं काहीच नाही, नुसतं "संशोधन". कुठलं, कोण करतंय, टीशर्ट आणि डीजे वजा जाता किती उरतात? आज मेसेज टाकून विचारलंय. उत्तर आलं तर इथे लावतो, नाही आलं तर माझे 500 सत्तरीकरांकडे.

सत्तरीकर
माझ्याकडे नको बाबा, मी पण हिशेब देणार नाही. आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, तोंड तपासायचा कॅम्प लावाल काय म्हणून. बॅटरी आणि ग्लोव्हज एवढंच लागतं.