तळहाताएवढं माकड, खास घरासाठी पैदा केलेलं. हरकत काय?

बाणेरकर
समजा कुणी वीसेक पिढ्या निवडून निवडून तळहातावर मावणारं, न चावणारं माकड तयार केलं. जंगलातून पकडलेलं नाही, माणसातच जन्मलेलं. मग पाळायला काय हरकत?
कल्पना अगदीच हवेतली नाही. १९५९ साली रशियन जनुकशास्त्रज्ञ बेल्यायेव्ह यांनी सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर हेच सुरू केलं. माणसाला कमी बुजणाऱ्या कोल्ह्यांचीच पुढे पैदास. थोड्या पिढ्यांतच पिल्लं शेपूट हलवत हात चाटू लागली. ब्राझीलचं मार्मोसेट हे चिमुकलं माकड तीन-साडेतीनशे ग्रॅमचं, दीडेक वर्षात वयात येतं, बहुधा जुळी देतं. कोल्ह्यात जमलं ते यात का नाही? लांडग्याचा कुत्रा झाला तेव्हा कोण रडलं होतं?

खारुताई
मी प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावते. हात चाटायला शिकलेला कोल्हा घरभर मुतायचा थांबत नाही. मार्मोसेट तर वासानेच बोलतं. बुडाजवळच्या ग्रंथी सोफ्यावर, पडद्यावर, तुमच्या मानेवर घासत फिरेल. तुम्ही त्याला घाण म्हणाल, त्याची ती भाषा आहे.
खाणं म्हणाल तर ते खालचे दात लावून झाडाची साल कोरतं आणि पाझरलेला डिंक चाटतं. घरात केळं आणि बिस्किट मिळतं. ऊन नाही, डी३ जीवनसत्त्व नाही, मग हाडं वाकतात. आणि तुमच्या ओठावर तापाची पुटकुळी आली असताना लाडाने पापा घेतलात तर? आपल्याला चार दिवस चुरचुरणारा तो विषाणू मार्मोसेटचा जीव घेतो. वीस पिढ्यांत हे सगळं कसं घालवणार?

बाणेरकर
उन्हाऐवजी दिवा लावू, डिंक मागवू, पापा घेणार नाही. चपट्या नाकाचे पग धापा टाकत जगतात, त्यांना तुम्हीच तपासता ना? तिथे चर्चेचा धागा कुणी काढत नाही.

खारुताई
तपासते, आणि दर वेळी चिडते. एक चूक झाली म्हणून दुसरी करायची?

मिरजकर
मला कायद्याची गंमत वाटते. मदाऱ्याचं माकड १९९८च्या अधिसूचनेने खेळातून बाद झालं. बरंच झालं, त्या माकडाचे हाल आम्ही लहानपणी पाहिलेत. पण वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला परदेशी प्राणी नोंदणी करून घरी ठेवता येतो. म्हणजे गळ्यात दोरी आणि हातात डमरू असेल तर क्रूरता, गळ्यात मखमली पट्टा आणि हातात मोबाईल असेल तर हौस!

बाणेरकर
उलट नोंदणी आहे म्हणूनच चोरटा व्यापार आटोक्यात येईल. बंदी घाला, सगळं बँकॉकच्या विमानातून बॅगेत कोंबून येईल. येतंच आहे.

लेस्टरची सून
इथे इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६पासून खाजगी घरात माकड ठेवायला परवाना लागतो, आणि निकष प्राणिसंग्रहालयाच्या तोडीचे. मला ते पटतं. बंदी नाही म्हणायची, पण दिवाणखान्यात कुणाला परवडायला नको.

कोकणी माणूस
आमच्या आंब्या-नारळांवर माकडं बसलेलीच आहेत. हवी तितकी घेऊन जा, वर पेटीभर आंबे देतो. उरले तर.

खारुताई
मुद्द्यावर येऊ. बाणेरकर, मार्मोसेटची पिल्लं आईच्या अंगावर कमी आणि बापाच्या, मोठ्या भावंडांच्या पाठीवर जास्त वाढतात. विकायचं पिल्लू म्हणजे त्या पाठीवरून ओढून काढलेलं पिल्लू. ते तुम्हाला बिलगतं ते प्रेमाने नाही, दुसरी पाठच नाही म्हणून.

बाणेरकर
हा मुद्दा लागला. मान्य, एकटं ठेवू नये. जोडी ठेवतो.

खारुताई
ठेवा. पाच महिन्यांत चार, वर्षभरात सहा. फ्लॅट कितीचा आहे?