कोप्पान्यला मारणारा वेत्सेलिन: हंगेरीचा की बव्हेरियाचा?

धागाकर्ता: ९९७ साली हंगेरीचा अधिपती गेझा वारला. जुन्या चालीप्रमाणे घराण्यातल्या थोरल्याने गादी घ्यायची आणि विधवेशी पाट लावायचा. त्याच घराण्यातला, शोमोज मुलखाचा अधिपती कोप्पान्य तेच मागत होता. गेझाने मात्र मुलगा इश्तवान याला वारस नेमलं होतं. इश्तवानने फौज बव्हेरिया या जर्मन मुलखातून आलेल्या वेत्सेलिनकडे सोपवली, आणि इतिवृत्तं सांगतात की कोप्पान्य त्याच्याच हातून पडला. प्रेताचे चार तुकडे केले. तीन वेस्प्रेम, ज्यूर आणि एस्तेरगोमच्या वेशींवर टांगले, चौथा ट्रान्सिल्व्हेनियात धाडला. घरातल्या भाऊबंदकीचा निकाल भाडोत्री तलवारीने लावला, त्याला हंगेरीच्या राज्याची स्थापना कसं म्हणायचं?

प्रतिसाद १: भाडोत्री हा शब्द मला मान्य नाही. भाडोत्री पैसे घेऊन परत जातो. वेत्सेलिनला जमिनी मिळाल्या, तो तिथलाच झाला. याक घराणं त्याला मूळ पुरुष मानतं. त्या घराण्याने याक गावात बांधलेलं, १२५६ मध्ये अभिषेक झालेलं चर्च आजही उभं आहे.

धागाकर्ता: नातवंडं-पतवंडं तिथली झाली हे खरं, पण मी ९९७ बद्दल बोलतोय. इश्तवानने पन्नोनहल्मा मठाला दिलेली सनदच या लढ्याला जर्मन आणि हंगेरियन यांच्यातली बंडाळी म्हणते! ती तर विजेत्याच्या बाजूची. वर जिंकण्यासाठी बोललेल्या नवसापोटी शोमोजच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मठाला. हरलेल्या मुलखाने जिंकणाऱ्याचा नवस फेडला.

प्रतिसाद २: त्याच सनदेत सेनापती म्हणून पाझमान्य, होन्त आणि ओर्झी यांची नावं आहेत, वेत्सेलिनचं नाही. त्याची कथा केझा या इतिवृत्तकाराच्या १२८० च्या दशकातल्या ग्रंथात येते, म्हणजे जवळपास तीनशे वर्षांनी. तोवर याक घराणं मोठं झालं होतं, आणि मोठ्या घराण्यांना पराक्रमी पूर्वज हवा असतो. त्याच्या एकट्याच्या तलवारीवर एवढा भार टाकू नये.

प्रतिसाद १: मुलासाठीच्या उपदेशात इश्तवानच्या नावे म्हटलंय की एकाच भाषेचं, एकाच रिवाजाचं राज्य दुबळं असतं. परक्यांना जवळ करणं हे त्याचं धोरणच होतं, आणि मला ते दूरदृष्टीचं वाटतं.

धागाकर्ता: त्या धोरणाची किंमतही सांगा. इश्तवाननंतर १०३८ मध्ये व्हेनिसच्या दोजेचा (तिथल्या निवडून आलेल्या शासकाचा) मुलगा पीटर गादीवर आला. परक्यांनाच मानाच्या जागा दिल्या, म्हणून सरदारांनी १०४१ मध्ये त्याला हाकललं. तो जर्मन सैन्य घेऊन परतला, तर १०४६ मध्ये उठाव झाला आणि बिशप गेल्लेर्तचा जीव गेला.

प्रतिसाद २: आणि त्याच उठावाच्या लाटेवर गादीवर आलेल्या राजा आंद्राशने इश्तवानचं ख्रिस्ती राज्य मोडलं नाही, पुढे चालवलं. त्याच्या तिहान्य मठाच्या १०५५ च्या सनदेत लॅटिन ओळींमध्ये हंगेरियन शब्द लिहिलेले आहेत.