आषाढी वारीला निघण्यापूर्वी

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार,
यंदा आपल्या मंडळातील चार कुटुंबे आळंदीहून सासवडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालणार आहेत. माझे वडील 71 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. बाटलीबंद पाण्याची आणि मुखपट्ट्यांची सोय केली आहे. आणखी काय घ्यावे?
– सहल समन्वयक

नमस्कार,
तीन वाऱ्या केलेला डॉक्टर म्हणून सांगतो, की मुखपट्टीच्या आधी वडिलांच्या तळपायांकडे पाहावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला फोड फुटून मोजा ओला झाला तरी पत्ता लागत नाही. एका आजोबांच्या टाचेतला बाभळीचा काटा मी राहुटीत काढला, तेव्हा "हा कधी लागला, माउली?" असे त्यांनीच मला विचारले. मुक्कामी पोहोचल्यावर घरातल्या कोणीतरी रोज बॅटरीच्या उजेडात त्यांचे तळवे तपासावेत, आणि कितीही चिखल असला तरी त्यांना अनवाणी चालू देऊ नये.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुणे ते सासवड हा 30 किलोमीटरच्या आसपासचा, दिवे घाटाच्या चढणीचा टप्पा बहुधा योगिनी एकादशीलाच येतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी घेऊन, उपवास धरून एवढे चालल्यास रक्तातील साखर एकदम उतरते, आणि सुटलेला घाम व हातांची थरथर उन्हाच्या शिणवट्यावर ढकलली जाते. गोळीची मात्रा निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. खिशात साखरेची पुडी असावी.

मुलांचे वेगळे आहे. आपण भारतात वाढलो, त्यामुळे अ प्रकारची कावीळ आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते. इथे परदेशात जन्मलेल्या मुलांना ते संरक्षण नाही. तिची आणि विषमज्वराची लस किमान दोन आठवडे आधी टोचून घ्यावी. पाणी बाटलीतले आणि ताक मात्र टँकरच्या पाण्याचे, असे वारीत हटकून होते!

डॉक्टर,
आभारी आहे. बाबा मात्र म्हणतात, "एकादशी मोडणार नाही."
– सहल समन्वयक

नमस्कार,
मग चालणे कमी करावे. गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावेच, शिवाय हडपसरनंतर त्यांना दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसवावे. पुष्कळ वयस्क वारकरी तसेच घाट चढतात, आणि त्यांची वारी चुकली असे दिंडीत कोणी म्हणत नाही.