लेसिक झालेल्या डोळ्यात मोतीबिंदूची लेन्स: १७ की २०.५?

अक्षमापक
नमस्कार. रुग्ण ५४ वर्षांचे, २००३ साली दोन्ही डोळ्यांना मायनस नंबरसाठी लेसिक. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. अ‍ॅक्सियल लेन्थ (डोळ्याची पुढून मागे लांबी) २६.९ मिमी, सरासरी के (वक्रतेवरून काढलेली बुबुळाची, म्हणजे कॉर्नियाची, पॉवर) ३८.४ डायऑप्टर. ए-कॉन्स्टंट (लेन्सच्या मॉडेलचा सूत्रात भरायचा आकडा) ११९ ची लेन्स, टार्गेट (शस्त्रक्रियेनंतर उरावा असा नंबर) शून्य. लेन्सची पॉवर काढायच्या सूत्रांपैकी नेहमीचं एसआरके/टी १७.० देतं, लेसिक झालेल्या डोळ्यांसाठीची सूत्रं, लेसिकआधीची माहिती न भरता, बॅरेट ट्रू-के २०.० आणि हायगिस-एल २०.५. लेसिकचे कागद हरवलेत, "मायनस सात होता" एवढंच त्यांना आठवतं. साडेतीन डायऑप्टरचा फरक कुठून आला आणि कुठली लेन्स मागवायची? शिवाय त्यांना मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स) हवी आहे.

के_रीडिंग
एसआरके/टीचा आकडा बाजूलाच ठेवा. १७ बसवली तर जवळपास अडीच प्लस नंबर उरेल. लांबचं धड दिसणार नाही आणि जवळचं तर नाहीच.

चूक एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही एकाच दिशेने ओढतात. पहिली के रीडिंगची. मशीन बुबुळाची फक्त पुढची वक्रता मोजतं आणि १.३३७५ हा निर्देशांक वापरून पूर्ण पॉवर सांगतं. त्यात पुढच्या-मागच्या वक्रतेचं ठराविक प्रमाण गृहीत असतं. लेसिकने पुढचा भाग सपाट केला, मागचा तसाच राहिला, त्यामुळे ते प्रमाण मोडलं. त्यात मोजमाप मध्यापासून थोडं बाहेरच्या वर्तुळावर होतं, म्हणजे सर्वात सपाट भाग निसटतो.

तुमच्याच केसचं गणित करू. चष्म्याचा -७ म्हणजे चष्मा आणि डोळ्यात १२ मिमी अंतर धरून बुबुळावर सुमारे -६.५. मूळ के ४३.६ मानला तर आजची खरी पॉवर ३७.१ च्या आसपास येते, मशीन मात्र ३८.४ म्हणतं. एवढी एक दुरुस्ती केली तरी एसआरके/टी १७ वरून १८.४ पर्यंतच येतं.

उरलेला फरक दुसऱ्या चुकीचा. एसआरके/टी लेन्स किती खोल बसेल याचा अंदाज के वरूनच बांधतं. बुबुळ सपाट दिसलं की डोळ्याचा पुढचा भाग उथळ असेल असं ते धरतं. लेसिकने आतली रचना बदललेलीच नसते. ३८.४ घातल्यावर अंदाज ५.३ मिमी येतो, मूळ ४३.६ घातल्यावर ६.५ मिमी. खोलीसाठी जुना के आणि पॉवरसाठी खरा के, ही अरामबेर्रींची २००३ ची डबल-के पद्धत. ती लावली की उत्तर २०.५ च्या जवळ येतं. म्हणून नुसता के कमी करून जुनंच सूत्र वापरणं पुरत नाही.

घरी लेसिकआधीचा चष्मा सापडतो का ते जरूर विचारा. लेन्सोमीटरवर (चष्म्याच्या काचेचा नंबर मोजणारं यंत्र) नंबर मिळाला तर तो आठवणीपेक्षा कितीतरी भरवशाचा. आजचा नंबर मात्र "लेसिकनंतरचा नंबर" म्हणून भरू नका, मोतीबिंदूनेच तो मायनसकडे सरकलेला असतो.

माझं मत: टार्गेट -०.५ ठेवून २१.०, आणि ऑपरेशनच्या वेळी २०.५ व २१.५ ही तयार. अंतिम निर्णय अर्थात सर्जनचा.

नितळ_दृष्टी
वरच्याशी सहमत. मल्टिफोकलला मी नाहीच म्हणेन. लेसिकने आधीच कॉन्ट्रास्ट घटलेला असतो, ती लेन्स प्रकाश आणखी वाटून टाकते. शिवाय अर्धा-पाऊण डायऑप्टर चूक इथे सहज होते आणि मल्टिफोकलला तेवढीही सोसत नाही. मायनस नंबरच्या लेसिकने पॉझिटिव्ह स्फेरिकल अ‍ॅबरेशन (कडेचे किरण मधल्या किरणांच्या आधी एकवटण्याचा दोष) वाढतं, म्हणून तो दोष कमी करणारी निगेटिव्ह अ‍ॅस्फेरिक मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची लेन्स) घ्या. प्लस नंबरसाठी लेसिक झालं असेल तर सगळं उलटं: साध्या सूत्राने मायनस नंबर उरतो आणि निगेटिव्ह अ‍ॅस्फेरिक लेन्स टाळायची.

लेसिकनंतर डोळा कोरडा असतो. दोन वेळा घेतलेल्या के मध्ये अर्धा डायऑप्टर फरक दिसला तर आधी कोरडेपणाचा इलाज, मग पुन्हा बायोमेट्री (लेन्ससाठी डोळ्याची मोजमापं).

अक्षमापक
फार उपयोगी, आभार. चष्म्याची चौकशी करतो. दुसऱ्या एका रुग्णाचं नव्वदच्या दशकात आर.के. (रेडियल केराटोटॉमी, बुबुळावर चिरे देऊन नंबर घालवण्याची जुनी शस्त्रक्रिया) झालंय, आठ चिरे. त्यांनाही हायगिस-एल चालेल?

के_रीडिंग
नाही. हायगिस-एल लेसरने झालेल्या दुरुस्तीसाठी आहे. आर.के.मध्ये बुबुळाची मागची बाजूही सपाट होते. बॅरेट ट्रू-केमध्ये आर.के.चा वेगळा पर्याय आहे, तो निवडा. के सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा घ्या. या डोळ्यांत बुबुळ सकाळी जास्त सपाट असतं आणि दिवसभरात नंबर मायनसकडे सरकतो.

आठ चिरे असताना क्लिअर कॉर्नियल छेद (थेट बुबुळातून घेतलेला) जुन्या चिऱ्याला छेदून तो उघडू शकतो. स्क्लेरल टनेल (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून नेलेला छेद) सुरक्षित, आणि एसआयसीएस (छोट्या छेदाची, टाक्याविना मोतीबिंदू शस्त्रक्रिया) करणाऱ्या आपल्याकडच्या सर्जनांचा त्यावर हात बसलेलाच असतो.

सर्वात महत्त्वाचं: शस्त्रक्रियेनंतर चिरे सुजतात, बुबुळ आणखी सपाट होतं आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन प्लस नंबर येऊ शकतो. घाबरून लेन्स बदलू नका. सुमारे तीन महिने थांबा आणि लागोपाठच्या दोन तपासण्यांत नंबर स्थिर दिसला तरच पुढचं ठरवा. हे रुग्णाला आधीच सांगून संमतीपत्रात लिहून घ्या.