४३ हजारांत आयपॅड घ्यावा की गॅलेक्सी टॅब? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

भाची यंदा अकरावी विज्ञानाला गेली. क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये, सरावाचे पेपर पीडीएफमध्ये, बुडालेले तास यूट्यूबवर, आणि हे सगळं ती फोनच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे ताणून बघते. टॅबलेट घ्यायचा हे पक्कं झालंय. कोणता, यावरून घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो आयपॅड, वहिनी म्हणते सॅमसंग.

मी दोन्हींचा हिशोब मांडून बघितला. साधा आयपॅड, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा, १२८ जीबी, बाजारात आला तेव्हा ३४,९०० रुपये. पण त्यात पेन्सिल येत नाही. सगळ्यात स्वस्त यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ची. एकूण ४२,८००. गॅलेक्सी टॅब एस१० एफई त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला, तोही १२८ जीबी, ४२,९९९ रुपये, पेन खोक्यातच. फरक १९९ रुपयांचा! सेलमध्ये भाव खालीवर होतात, बँकेच्या कार्डावर सूट मिळते, ते सोडून द्या. किमतीवरून हा निकाल लागणार नाही एवढं मला कळलं.

म्हणून तुम्हाला विचारते. कंपनीच्या पानावरचे आकडे मी वाचलेत. तुमच्या घरी तो टॅब कोण वापरतं, कशासाठी वापरतं, आणि दुकानात लक्षात न आलेली कोणती गोष्ट नंतर रोज जाणवते, ते सांगा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

सांगली, नीटची तयारी करणाऱ्या मुलीची आई

ताई, आमच्याकडे हीच जोडी होती. मी दुकानात फूटपट्टी घेऊन गेले होते आणि तुम्हालाही तेच सांगेन.

दोन्ही पडदे तिरके मोजले तर जवळपास सारखेच, १०.९ इंच. आयपॅडला ११ इंची म्हणतात, पण तो भरतो १०.८६. खरा फरक आकारात आहे. सॅमसंग लांबट आहे, सोळाला दहा या प्रमाणातला. आयपॅड जरा चौकोनी, त्याचं प्रमाण ए-४ कागदाच्या फार जवळचं. त्यामुळे टॅब उभा धरून पीडीएफचं पूर्ण पान उघडलं की आयपॅडवर ते साधारण पावणेसोळा सेंटिमीटर रुंद दिसतं आणि सॅमसंगवर पावणेपंधरा. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे दोन्हीकडे तो आक्रसतोच. पण हा एक सेंटिमीटर कुठे कळतो सांगू? दोन रकान्यांत छापलेल्या प्रश्नपत्रिकेत. रसायनाच्या सूत्रांत खाली बारीक आकडे असतात ना, ते मुलगी आयपॅडवर मोठं न करता वाचते. सॅमसंगवर तिला दर प्रश्नाला दोन बोटांनी पान ताणावं लागत होतं. तीन तासांचा पेपर सोडवताना त्याचा वैताग येतो.

सिनेमा बघायला सॅमसंगचा लांबट पडदा जास्त चांगला, वर-खाली काळ्या पट्ट्या कमी येतात. आमच्याकडे सिनेमासाठी घ्यायचाच नव्हता, म्हणून आयपॅड घेतला. तास आणि वही शेजारी शेजारी उघडायची सोय आधी सॅमसंगमध्ये जास्त मोकळी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडची नवी प्रणाली, आयपॅडओएस २६, आली तेव्हापासून आयपॅडवरही खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात, त्यामुळे ती तक्रार आता उरली नाही.

भाचीचीच एखादी प्रश्नपत्रिका दोन्हींवर उघडून बघा. दुकानातले लोक रंगीत व्हिडिओ लावून ठेवतात, त्यावरून काही कळत नाही.

रत्नागिरी, बांधकामाच्या साइटवर काम

माझ्याकडे एस१० एफईच्या आधीचा, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला एस९ एफई आहे. मी घेतला तो एकाच कारणासाठी: पाऊस.

या दोन्ही सॅमसंगना आयपी६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन आहे, साध्या आयपॅडला तसलं काहीच नाही. जूनमध्ये स्लॅबची सळई तपासायला वर चढलो की पावसाची सर कधी येईल याचा नेम नसतो. नकाशा उघडा असतो, अंगावर रेनकोट, हात सिमेंटने भरलेले. पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की बोट नीट चालत नाही, पान आपोआप सरकतं, भलतंच काहीतरी दाबलं जातं. पेन मात्र ओल्या पडद्यावरही व्यवस्थित उमटतो. मी नकाशावर लाल खुणा पेननेच करतो आणि तिथूनच ठेकेदाराला पाठवतो. या पेनात बॅटरी नाही, त्यामुळे ऐन कामात तो चार्जिंगअभावी बंद पडायचा प्रश्न येत नाही.

पण आयपी६८ म्हणजे काय ते समजून घ्या. चाचणी गोड्या पाण्यात होते, दीड मीटर खोल, अर्धा तास. समुद्राचं पाणी त्यात येत नाही. आमच्याकडे खारा वारा असतो, म्हणून मी घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडा करतो आणि चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावत नाही.

अजून एक. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, त्यासाठी सिमवाला घ्यावा लागतो. सॅमसंगच्या वाय-फायवाल्यातही ते आहे. शिवाय मेमरी कार्ड टाकता येतं. नकाशे आणि फोटो मी कार्डावर ठेवतो, टॅब रिकामा राहतो.

तुमच्या भाचीला साइटवर जायचं नाही, पण क्लासला एसटीने जात असेल आणि दप्तर भिजत असेल तर पाण्याचा विचार जरूर करा.

मडगाव, सुलेखन आणि चित्रं

ताईंनी ७,९०० च्या पेन्सिलचा हिशोब केलाय, तिथे मला थांबवावंसं वाटतं. त्या पेन्सिलला दाब कळत नाही. कमी जोर दिला काय, जास्त दिला काय, रेघ तेवढीच जाड. तिरकेपणा कळतो. गणितं सोडवायला एवढं पुरेसं आहे. चित्रं काढायची असतील तर नाही.

मी देवनागरी अक्षरं काढते. बोरूची जाडबारीक रेघ कटाच्या कोनावर ठरते, हाताच्या जोरावर नाही, त्यामुळे बोरूसारखं काम त्या पेन्सिलवरही बऱ्यापैकी जमतं. कुंचल्याचं काम वेगळं. ‘श्री’ची वेलांटी कुंचल्याने काढताना सुरुवातीला टोक जेमतेम टेकवायचं, वळणावर भार द्यायचा आणि शेवटी हलकेच उचलायचं. हे दाबाशिवाय होणारच नाही. त्यासाठी या आयपॅडवर पहिल्या पिढीची जुनी पेन्सिल चालते. ती ९,५०० ची, चार्ज करायला आणि जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो. सॅमसंगच्या खोक्यातल्या पेनला दाब कळतो, एक रुपया जास्त न देता.

मग मी आयपॅड का वापरते? प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपसाठी. ते फक्त आयपॅडवर आहे, एकदा पैसे भरले की झालं, दरमहा काही द्यावं लागत नाही. माझे सगळे ब्रश त्यात आहेत. कामाचं अ‍ॅप कुठे चालतं हे आधी बघावं आणि यंत्र त्याच्यामागून निवडावं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष लिहूनच बघा. साध्या आयपॅडची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये बारीकशी पोकळी असते. टोक टेकतं एका जागी आणि रेघ उमटते किंचित खाली, असं दिसतं. लिहिताना टकटक आवाजही येतो. काहींना हे जाणवतही नाही, मला रोज जाणवतं.

सोलापूर, एकत्र कुटुंब

आमच्याकडे एक टॅब आणि वापरणारे पाच. सासूबाई कीर्तनं ऐकतात, दीर शेअर बाजार बघतात, पोरं कार्टून. सॅमसंगमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, फोनवर असतो तसा एकच कप्पा नाही. सासूबाईंनी त्यांचं चित्र दाबलं की त्यांचीच अ‍ॅप्स, मोठी अक्षरं. आयपॅडवर घरगुती वापरासाठी अशी वेगळी खाती नाहीत, शाळा आणि कंपन्यांसाठी आहेत. भाचीच्या धाकट्या भावंडांच्या हातात टॅब जाणार असेल तर हे ध्यानात ठेवा. अभ्यासाच्या वह्या पोरांच्या हाताला लागत नाहीत, हा मोठाच फायदा.

भंडारा

कोणताही घ्या, पण घेण्याआधी पडदा बदलायला किती लागतात ते विचारा आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. माझ्याकडे कोणत्या कंपनीचा होता ते सांगत नाही. काच फुटली, इथे कोणी हात लावेना, नागपूरला दोनदा जावं लागलं. सांगितलेला खर्च नव्या टॅबच्या निम्म्याच्या आसपास होता. शेवटी तो तसाच कपाटात आहे. पुण्यामुंबईच्या लोकांना ही अडचण कळत नाही. कडा उचललेलं जाड कव्हर पहिल्या दिवशीच घ्या.

न्यू जर्सी

आईसाठी डोंबिवलीला आयपॅड घेतला, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो. पुढच्या कॅमेऱ्यात सेंटर स्टेज नावाची सोय आहे. आई बोलता बोलता ओट्याकडे जाते, भाजी परतते, तरी चित्रात राहते, चित्राची चौकट तिच्या मागे मागे सरकते. आधी आम्ही निम्मा वेळ पंखाच बघत असू. बाबांकडे अँड्रॉइड फोन आहे, पण अ‍ॅपलच्या व्हिडिओ कॉलची, म्हणजे फेसटाइमची, लिंक पाठवली तर ते ब्राउझरमधून जोडले जातात.

किती वर्षं टिकेल हा प्रश्न कोणी काढला नाही म्हणून लिहितो. सॅमसंगने एस१० एफईसाठी सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलंय. अ‍ॅपल असा आकडा आधी सांगत नाही, पण मागचं बघा: २०१९ चा सातव्या पिढीचा साधा आयपॅड २०२४ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १८ वर चालतो. म्हणजे अकरावीत घेतलेला यातला कोणताही टॅब पदवीपर्यंत पुरावा. इथून कोणी आणून देत असेल तर तोही हिशोब करा. हा आयपॅड इथे ३४९ डॉलरला आहे, वर आमच्या राज्याचा ६.६२५ टक्के विक्रीकर. फार काही वाचत नाही, आणि भारतातलं बिल हातात नसतं. तिथेच घ्या.

सांगलीच्या ताईच पुन्हा

मडगावच्या ताईंनी पोकळीचं लिहिलंय ते खरं आहे. मुलीला पहिले काही दिवस खटकलं, आता सवय झाली. चार्जरचं राहिलं होतं. आयपॅडच्या खोक्यात २० वॉटचा चार्जर येतो. सॅमसंगच्या खोक्यात फक्त वायर. तो ४५ वॉटपर्यंत घेतो, पण तसा चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो. घरात चांगला चार्जर नसेल तर तुमचे ते १९९ रुपये तिथे कितीतरी पटीने वाढतात. आणि १२८ जीबीचं म्हणाल तर क्लासचे व्हिडिओ उतरवून ठेवायची सवय असेल तर आयपॅड लवकर भरतो, त्यात मेमरी कार्ड टाकता येत नाही. आम्ही झालेले धडे दर महिन्याला पुसतो.

ज्यांनी विचारलं त्या, पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून भाचीला घेऊन आम्ही आधी कोरेगाव पार्कच्या अ‍ॅपलच्या दुकानात गेलो आणि तिथून सॅमसंगच्या. तिची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका दोन्हीकडे उघडली. सांगलीच्या ताई म्हणतात ते पहिल्याच पानाला दिसलं, आयपॅडवर पान खरंच मोठं आणि वाचायला सोपं.

मग तिला म्हटलं, आता एक उदाहरण पूर्ण सोडव, आकृतीसकट. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं होतं. आयपॅडवर तिचं अक्षर सुटं सुटं आणि मोठं येत होतं, कारण काचेवर टोक घसरत होतं. सॅमसंगच्या पेनचं टोक जरा मऊ आहे, काचेला धरून चालतं. तिथे तिचं अक्षर वहीतल्यासारखं आलं, बाण सरळ आले आणि अर्ध्या पानात उदाहरण संपलं. ती वाचते त्याहून जास्त लिहिते. शिवाय क्लासला बसने जाते आणि पावसाळा समोर आहे. आम्ही एस१० एफई घेतोय. भावालाही ते उदाहरण बघून पटलं.

तुमच्या मुलांचं वाचन जास्त आणि लिहिणं कमी असेल तर मी आयपॅडच सांगेन.

आता एकच विचारायचंय. कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावला की अक्षर आणखी सुधारतं असं दुकानदार म्हणाला, पण त्याने पेनचं टोक लवकर झिजतं असंही ऐकलं. सॅमसंगच्या पेनवर तो गार्ड कोणी वापरलाय का, आणि टोकं इथे सुटी मिळतात का?