मदत हवी आहे: लहान मुलांसह परदेशातील बदली स्वीकारावी का?

कंपनीने मला 3 वर्षांसाठी परदेशातील कार्यालयात बदली देऊ केली असून होकार किंवा नकार महिनाअखेरीस कळवायचा आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा आणि पत्नीही नोकरी करणारी, त्यामुळे हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही.

पगाराचा आकडा मोठा दिसतो. पण घरभाडे, पाळणाघर आणि आरोग्य विमा वजा जाता हाती काय उरेल, याचा अंदाज येत नाही. खरी काळजी मात्र वेगळीच आहे. कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा बहुधा त्याच कंपनीशी बांधलेला असतो, म्हणजे नोकरी गेली तर थोड्याच अवधीत साऱ्या कुटुंबाला देश सोडावा लागू शकतो; शिवाय जोडीदाराला काम करण्याची परवानगी काही देशांत सहज मिळते, तर काही देशांत मिळतच नाही. पत्नीने कष्टाने उभे केलेले काम माझ्या बढतीपायी थांबावे हे मला पटत नाही, जरी ती स्वतः "जाऊन तर पाहू" म्हणत असली तरी. मुलगी नुकतीच अक्षर लावून पाट्या मोठ्याने वाचू लागली आहे. शिक्षणाची भाषा आता बदलली आणि परतल्यावर पुन्हा बदलली, तर तिला ते जड जाईल का?

अशी बदली घेतलेल्यांनी कृपया सांगावे: परतल्यानंतरचे पद, परतीचा प्रवासखर्च, शाळेची फी यांपैकी काय करारात लेखी मागून घेतले? दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार (दोन्हीकडे दुहेरी वर्गणी भरावी लागू नये यासाठीचा करार) नसताना निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचे काय झाले? नकार दिलेल्यांचे अनुभवही मला तितकेच हवे आहेत.