मदत हवी आहे: वेदर्सफील्डच्या कांद्याच्या जुन्या नोंदी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या वेदर्सफील्डच्या ऐतिहासिक फलकावरून लेख लिहितोय. १६३४ साली वसलेलं गाव, लाल कांद्याच्या माळा बांधून नदीतून वेस्ट इंडीजला जहाजं जायची आणि येताना काकवी, साखर, मीठ, रम आणायची, काठावरचं जुनं कोव्ह वेअरहाऊस अजून उभंय, इथपर्यंत कळलं (वाचताना लासलगाव आठवतंच हो). पण तिकडे वेस्ट इंडीजमध्ये हा माल घ्यायचं कोण? ऊसमळेवालेच ना, म्हणजे राबणारे गुलाम हा कांदा खायचे, आणि मला नेमका हाच धागा पुराव्यानिशी हवाय. गूगलवर पर्यटनाची माहिती आणि बियाण्यांच्या जाहिरातीच सापडतात, त्या नकोत. मी पुण्यात असतो त्यामुळे तिथल्या लायब्ररीत जाणं जमणार नाही. अठराव्या शतकातल्या त्या जहाजांच्या मालाच्या याद्या किंवा कस्टम्सच्या नोंदी ऑनलाइन, शक्यतो फुकट, कुठे वाचता येतील?